दावणीला बांधणे आणि संघटना बांधणे

आपल्या कार्यकर्त्यांच्या बोलण्यात एक क्रियापद दिवसातून दहा वेळा येते. "अमक्याने तालुक्यात चळवळ बांधली" असे आपण कौतुकाने म्हणतो. "तमक्याने चळवळ प्रस्थापितांच्या दावणीला बांधली" असे आपण चिडून म्हणतो. दोन्ही वाक्यांत चळवळ तीच आणि क्रियापदही तेच, बांधणे. एका वाक्यात ते निर्मितीचे नाव आहे, दुसऱ्यात गुलामीचे.

हा केवळ भाषेचा खेळ नाही. ज्या समाजाला शेकडो वर्षे बांधून ठेवले गेले, त्याच समाजाने गावांची घरे बांधली, शेतांचे बांध घातले, आणि पुढे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली देशातली एक मोठी चळवळ बांधली. म्हणून या शब्दाचा इतिहास हा आपलाच इतिहास आहे. त्यातून आजच्या तरुणांसमोर एक प्रश्न उभा राहतो. आपल्या पूर्वजांना बांधणाऱ्या दोऱ्या तोडायला आपण शिकलो. पण एकमेकांना बांधून घ्यायला शिकलो का?

बांधणारे हात कोणाचे?

मराठीत घर "बांधतात". वीट-सिमेंटच्या घरालाही आपण तेच क्रियापद वापरतो. मेढी रोवायच्या, वासे आडवे टाकायचे, कुडाच्या भिंती उभ्या करायच्या आणि सगळे सुंभाने नाहीतर वाखाच्या दोरीने आवळायचे, अशा घराला हे क्रियापद अगदी शब्दशः लागू पडते. शेताला बांध असतो, ओढ्याला बंधारा असतो. भाकरी फडक्यात बांधतात, सरपणाची मोळी बांधतात, तान्हे मूल पाठीशी बांधून बाई कामावर जाते. कष्टकऱ्याच्या दिवसातून हे क्रियापद काढून टाकले तर त्याचा दिवसच उभा राहणार नाही.

आता गावगाड्यात बांधण्याची साधने कोण तयार करत होते ते पाहा. बैलाचा कासरा, गाईचे दावे, विहिरीवरचा दोर हे सगळे वाखापासून वळणारे हात मांगवाड्यातले होते. केरसुणीही तिथेच बांधली जाई. चामड्याची वादी, मोटेचे कातडे आणि चाबूक ढोर-चांभारांच्या हातचे. शेताच्या बांधावरून तंटा झाला तर हद्द कुठून कुठे जाते हे सांगायला महाराला बोलावत. म्हणजे गावाला आवळून ठेवणारी प्रत्येक गोष्ट वेशीबाहेरच्या माणसांच्या श्रमातून आणि ज्ञानातून येत होती. पण दोर वळणाऱ्याच्या दारात त्या दोराने बांधायला गाय नव्हती, आणि बांधाची खूण सांगणाऱ्याला त्या बांधाच्या आत हक्काचे पीक नव्हते.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे दुष्काळी कामांवर गेली. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. या कामांवरचा एक नेहमीचा सरकारी शब्द होता "बांधबंदिस्ती". पाझर तलाव, नालाबांध, शेतांचे समतल बांध ही कामे ज्यांनी केली त्यांत भूमिहीन स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने होते. मजुरीने त्यांची चूल पेटली आणि कामाचा हक्क कायद्याने मान्य झाला, हे मोलाचे आहेच. पण काम संपल्यावर बांध ज्याची जमीन त्याच्याकडे राहिला, आणि बांधणारा फावडे खांद्यावर टाकून पुढच्या कामावर गेला. म्हणून आपला पहिला मुद्दा असा की बांधण्याची कला आपल्याला कधीच नवी नव्हती. बांधलेले आपले होत नव्हते, एवढाच प्रश्न होता.

दोरा, मडके, झाडू

दुसरी बाजू बांधले जाण्याची. "जातीचे निर्मूलन" हे बाबासाहेबांचे भाषण लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले होते. ते देता आले नाही म्हणून त्यांनी १९३६ साली स्वतः छापले. त्यात पेशवाईतील अस्पृश्यांच्या स्थितीचे वर्णन आहे. अस्पृश्याने मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा, म्हणजे चुकूनही कोणी त्याला शिवणार नाही. पुण्यात त्याने कमरेला झाडू बांधायचा, म्हणजे त्याच्या पावलांचे ठसे मागच्या मागे पुसले जातील. गळ्यात मडके अडकवायचे, म्हणजे त्याची थुंकी रस्त्यावर पडून कोणी विटाळणार नाही.

हे वर्णन आपण शेकडो भाषणांत ऐकले आहे. ऐकून रक्त तापते आणि आपण पुढे जातो. थोडे थांबून पाहिले तर त्यात एक गोष्ट दिसते. मडके, झाडू आणि दोरा या तिन्ही वस्तू घरातल्याच, रोजच्या वापरातल्या. बेडी नाही, साखळी नाही, कोठडी नाही. काळ्या दोऱ्याचे वजन ते किती? कोणीही झटका देऊन तोडावा इतका. तरीही तो तुटत नव्हता, कारण खरी गाठ मनगटावर नव्हतीच. ती धर्मशास्त्रात होती, राजसत्तेत होती आणि गावाच्या शिक्षेच्या भीतीत होती. मनगटावर होती ती फक्त त्या गाठीची पावती.

दोरा दुसरीकडेही होता. मनुस्मृती जानवेसुद्धा वर्णानुसार वाटते. ब्राह्मणाला कापसाचे, क्षत्रियाला तागाचे, वैश्याला मेंढीच्या लोकरीचे. शूद्राला उपनयनच नाही, मग जानवे कुठले? एका खांद्यावरचा दोरा ज्ञानाचा परवाना होतो आणि दुसऱ्या मनगटावरचा दोरा अपमानाची खूण होतो. सूत दोन्हीकडे सूतच आहे. अर्थ ठरतो तो दोरा कोणी, कोणाच्या हुकमाने आणि कशासाठी बांधला यावरून. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले तेव्हा नुसता ग्रंथ जाळला नाही. दोऱ्यांना अर्थ देण्याचा एका वर्गाचा अधिकारच तिथे नाकारला गेला.

वतनाची दावण

पेशवाई १८१८ ला संपली. काळा दोरा गेला. पण एक दोर राहिला आणि तो जास्त चिवट होता, कारण तो मानाचा वाटत होता. त्याचे नाव वतन.

महार वतन म्हणजे काय होते? गावाची आणि सरकारची कामे करण्याच्या बदल्यात थोडी इनाम जमीन आणि रयतेकडून बलुते. कामे कोणती? वेशीची राखण, सरकारी टपाल पोचवणे, साऱ्यासाठी रयतेला चावडीवर बोलावणे, अंमलदाराच्या पुढे धावणे, मेलेले ढोर ओढणे, मर्तिकाची खबर गावोगाव नेणे. कामाला वेळ नव्हती, म्हणजे चोवीस तास वेळ होती. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या माणसाला जावे लागे. जमीन पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन तुकड्यांची झाली, पण कामाचे तुकडे झाले नाहीत. ते सगळ्यांच्या मानेवर अख्खेच राहिले. इंग्रज सरकारने १८७४ च्या वतन कायद्याने ही व्यवस्था कागदावर पक्की केली. इंग्रजांनी जात मोडली असे सांगणाऱ्यांनी हा कायदा आठवावा. स्वस्तात राबणारा माणूस कोणत्याच सरकारला नकोसा नसतो.

ही दावण सोडवण्याचे एक पाऊल राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ साली टाकले. त्यांनी महार वतने रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या. मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी कायदेमंडळात १८७४ च्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ज्याला वतनाच्या चाकरीतून मुक्त व्हायचे आहे त्याला ती सोडून जमीन पूर्ण साऱ्याने धारण करता यावी, आणि बलुत्याच्या जागी रोख मोबदला यावा, अशी त्यामागची दिशा होती. विधेयक पुढे नेता आले नाही, मागे घ्यावे लागले. पण प्रश्न सुटला नव्हता. १९३९ साली हरेगावला आणि १९४१ साली सिन्नरला महार वतनदारांच्या परिषदा झाल्या. सिन्नरला वतनी जमिनींवरच्या जुडीच्या बोजाविरुद्ध बाबासाहेबांनी आवाज उठवला.

इथे एक अवघड गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. वतन सोडायला विरोध आपल्या लोकांतूनही होता. बलुत्याचे चार दाणे, सणाची भाकरी, "आम्ही गावाचे वतनदार" हा मान. उद्याची खात्री नसलेल्या माणसाला हे सोडवत नाही. त्यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे. पण दावणीला बांधलेल्या जनावरालाही वैरण मिळतेच, आणि दावण तशी टिकते ती वैरणीमुळेच. बाबासाहेबांचे म्हणणे होते की ही वैरण स्वाभिमानाच्या किमतीत मिळते आणि ती खाणारा पुढच्या पिढीचीही मान त्याच दाव्यात अडकवतो. जे बंधन मारून लादले जाते ते माणूस ओळखतो. जे भरवून लादले जाते ते ओळखायला पिढ्या जातात.

शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. तोपर्यंत बाबासाहेब राहिले नव्हते. जमिनी भोगवट्याची रक्कम भरून पुन्हा वतनदारांच्या नावे झाल्या, पण नव्या शर्तीने. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. सातबाऱ्यावर आपण "भोगवटादार वर्ग २" वाचतो ते हेच. ही शर्त आहे म्हणून काही जमिनी वाचल्या. आणि शर्त कागदावर असूनही शहरांलगतच्या किती जमिनी कुळमुखत्यारपत्रांच्या वाटेने हातच्या गेल्या, हे प्रत्येक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्याला ठाऊक आहे. दोर कापला तरी त्याचे टोक कोणाच्या हातात राहिले, हे तपासत राहावे लागते.

बंद दरवाजे

बांधणे हा शब्द संस्कृत "बन्ध्" धातूपासून आला. आपल्या भाषेत फारसीतून आलेला "बंद" त्याचाच दूरचा भाऊबंद. बंदी, बंदिस्त, बंदोबस्त ही त्या "बंद"ची लेकरे. रोटीबंदी, बेटीबंदी, पाणवठ्याची बंदी हे जातिव्यवस्थेचे शब्दही तिथलेच. कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी वाचलेल्या निबंधात तरुण भीमराव आंबेडकरांनी जातीची जी ओळख करून दिली तिच्यातही हाच अर्थ आहे. जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग. काहींनी दार आतून लावून घेतले, आणि मग बाकीच्यांना ते आपल्यावर बंद झालेले दिसले. कडी होती बेटीबंदीची.

पुढे त्यांनी या रचनेला जे नाव दिले ते आपण मराठीत "श्रेणीबद्ध विषमता" असे म्हणतो. त्यातला "बद्ध" विसरू नका. जातिव्यवस्था माणसाला वरच्याच्या पायाशी बांधते एवढेच नाही, ती त्याला त्याच्या पायरीला बांधते. पायरीला बांधलेल्या माणसाला वरचा दिसतो तो चाबूक घेऊन, आणि खालचा दिसतो तो आपल्या मोठेपणाचा पुरावा म्हणून. त्यामुळे सगळेच बांधलेले असूनही बांधलेल्यांची एकजूट होत नाही. वाखाचा दोर वळणारा, कातडे कमावणारा आणि वेशीवर राखण करणारा हे तिघे एकाच गावकुसाबाहेर राहिले, पण एकमेकांच्या घरात जेवले नाहीत.

सुटा माणूस मोकळा असतो का?

आता आजच्याकडे येऊ. घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली. १९७६ साली वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा झाला. त्याप्रमाणे आगाऊ उचलीच्या बदल्यात माणसाला दुसरीकडे काम करण्याचे, हवे तिथे जाण्याचे किंवा आपले श्रम बाजारभावाने विकण्याचे स्वातंत्र्य गमवावे लागत असेल तर ती वेठबिगारीच आहे. १९८२ साली आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे हेसुद्धा सक्तीचे श्रम आहेत. भूक हीही सक्तीच असते, असा त्याचा अर्थ.

या व्याख्या हातात घेऊन ऊसतोडीच्या फडात जा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक "कोयता". मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा तोच मुकादम. ही माणसे दिवसभर काय करतात? ऊस तोडतात आणि मोळ्या बांधतात. मोळी बांधणारा स्वतः उचलीने बांधलेला. त्या फडात दलित आहेत, वंजारी आहेत, बंजारा आहेत, गरीब मराठाही आहेत. उचल जात विचारत नाही.

शहरात चित्र उलटे दिसते. कंत्राटी सफाई कामगार, घरोघर पार्सल पोचवणारे तरुण, अकरा महिन्यांच्या करारावरचे शिक्षक. यांना कोणी बांधून ठेवलेले नाही. उलट सांगितले जाते की तू कोणाचा नोकर नाहीस, तू मोकळा आहेस. पण मालक त्यांना बांधील नाही, सरकार बांधील नाही, शेजारच्या कामगाराशीही ते बांधलेले नाहीत. हा मोकळेपणा नाही, हे सुटे पडणे आहे. सुटी काडी कोणीही मोडतो. वतनाने आपल्या आजोबांना बांधून राबवले, कंत्राट आपल्याला सुटे करून राबवते. दोन्हीकडे गाठ मारण्याचा आणि सोडण्याचा अधिकार आपल्या हातात नाही.

म्हणून "बंधन तोडा" एवढीच मुक्तीची व्याख्या अपुरी आहे. बाबासाहेबांनी ती तशी कधी केलीही नाही. त्यांनी दोर कापायला सांगितले आणि त्याच श्वासात संघटित व्हायलाही सांगितले.

बंधू हा शब्द कुठून आला?

"बंधू" हा शब्दही त्याच "बन्ध्" धातूचा. बंधू म्हणजे जोडलेला, नात्याने बांधलेला माणूस. ज्या धातूपासून बंधन झाले त्याच धातूपासून बंधुता झाली. आणि हा शब्द आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत आपोआप आलेला नाही. २२ जानेवारी १९४७ रोजी संविधान सभेने मंजूर केलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुतेचा उल्लेख नव्हता. तो बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घातला. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा सादर करताना, बंधुभावाची गरज भारताला आज जितकी आहे तितकी कधीच नव्हती, असे कारणही समितीने दिले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता रंगाच्या वरवरच्या थरापेक्षा खोल जाणार नाहीत. आणि ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी सांगितले की ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतली नाहीत, तथागत बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतली. त्यातही बंधुतेला त्यांनी सर्वांत वरचे स्थान दिले.

दावणीच्या दोराचे एक टोक खुंटीला आणि दुसरे गळ्याला असते. खुंटी हलत नाही, गळाच ओढला जातो. बंधुतेच्या दोराला खुंटी नसते. दोन्ही टोकांना माणसेच असतात आणि एक ओढला गेला तर दुसऱ्यालाही ताण बसतो. ही गाठ दोघांनी मिळून मारलेली असते आणि दोघांनाही ती सोडता येते. पंचशील घेताना आपण "समादियामि" म्हणतो, म्हणजे मी स्वतःहून स्वीकारतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा प्रत्येकाने आपल्या तोंडाने म्हटल्या. कोणी कोणाच्या मनगटाला काही बांधले नाही. लादलेले बंधन तोडून स्वतः स्वीकारलेल्या बांधिलकीत जाणे, हा धम्मदीक्षेचा एक अर्थ आहे.

जाता जाता मनगटाबद्दल. परित्राण पाठानंतर पांढरा धागा बांधण्याची पद्धत आपल्याकडे अनेक विहारांत रुळली आहे. श्रद्धेने धागा घेणाऱ्या आयाबहिणींची टिंगल करणे हे आपले काम नाही. पण प्रश्न विचारणे हे आपले काम आहे. बुद्धांनी सांगितलेल्या दहा संयोजनांत, म्हणजे माणसाला जखडणाऱ्या बंधनांत, तिसरे आहे सीलब्बतपरामास. व्रत-विधींना चिकटून राहणे हेही एक बंधनच. धागा मंगल मैत्रीची आठवण म्हणून असेल तर त्याची आठवण वागण्यात दिसली पाहिजे. तो रक्षण करतो असे वाटू लागले तर गंडा-दोरा बांधणाऱ्या बाबात आणि आपल्यात अंतर काय उरले? ज्या मनगटाला एकेकाळी दुसऱ्याच्या हुकमाने दोरा बांधावा लागत होता, ते मनगट मोकळे असणे हीच मला मोठी खूण वाटते.

मोट आणि बांधणी

मराठी राजकारणात "ऐक्याची मोट बांधणे" हा वाक्प्रचार निवडणुकीच्या तोंडावर हमखास ऐकू येतो. मोट म्हणजे गाठोडे. गाठोड्यातल्या वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध लागत नाही, वरून फडके आवळले की झाले. निकालाच्या दिवशी गाठ सुटते आणि जो तो आपापल्या घरी. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाच्या नशिबी पुढे अशा किती मोटा आल्या आणि किती सुटल्या, हे मोजत बसण्यात अर्थ नाही.

बांधणी वेगळी असते. बाबासाहेबांनी १९३७ साली खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेला. त्या लढ्यात महार कुळे होती, कुणबी होते, आगरी होते. चरीच्या शेतकरी संपाचे नेते नारायण नागू पाटील सोबत होते. ही माणसे गावात एका पंगतीला बसणारी नव्हती. त्यांना एका प्रश्नाने बांधले, आणि तो प्रश्न होता, कसणाऱ्याची जमीन कोणाची? पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले तेव्हाही "भूमिहीन" या ओळखीने माणसे जोडली गेली. मोट वरून आवळली जाते, बांधणी आतून होते. घर बांधताना प्रत्येक वासा दुसऱ्या वाशाशी बांधावा लागतो, तशी.

आज आपली परीक्षा घरातच आहे. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मुभा देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ ऑगस्ट २०२४ रोजी आला. त्यावर कायदेशीर मते वेगवेगळी असू शकतात, ती मांडलीच पाहिजेत. पण त्या चर्चेत बौद्ध तरुण आणि मातंग तरुण समाजमाध्यमांवर एकमेकांशी ज्या भाषेत बोलले, ती भाषा श्रेणीबद्ध विषमतेचीच होती. "तुम्ही बाबासाहेबांना मानत नाही" असे म्हणून मातंग बांधवाला झिडकारणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मातंगवाड्यातली किती मुले येतात? साफसफाईच्या कंत्राटाविरुद्ध लढताना वाल्मीकी आणि मेहतर कामगारांच्या वस्तीत आपण कधी जाऊन बसलो का? आपल्या घरातले लग्न ठरवताना चर्मकार किंवा मातंग स्थळाचा विचार तरी होतो का? बेटीबंदीची कडी आतून लावून बंधुतेची भाषणे देता येत नाहीत. संख्येने मोठा आणि शिक्षणात पुढे गेलेला भाऊ आधी हात पुढे करतो, हा आपल्या घरांतला रिवाज आहे. तो चळवळीत का नसावा?

मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी "आपण संघटना बांधू" म्हणेल तेव्हा तीन साधे प्रश्न विचारा. गाठ मारणारा कोण? दोराच्या दुसऱ्या टोकाला खुंटी आहे की माणूस? आणि पटले नाही तर ही गाठ सोडण्याचा अधिकार आपल्याला आहे का? कोणत्याही पक्षाला, कोणत्याही निधीला, कोणत्याही नेत्याला हे विचारायला संकोचू नका. आपल्या स्वतःच्या शाखेलाही विचारा.

ज्यांनी दुसऱ्यांसाठी घरे बांधली, बांध घातले, दोर वळले, त्यांच्या वंशजांना बांधण्याचे कसब शिकवावे लागत नाही. आता ते एकमेकांसाठी वापरायचे आहे. सुरुवात शेजारच्या वस्तीपासून करा.

जय भीम! नमो बुद्धाय!